सूचनापेटी रिकामी का राहते? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गेटजवळ सूचनापेटी आहे. मध्यंतरी ती उघडायची ठरली, तर किल्लीच सापडेना. शेवटी कुलूप हॅकसॉने कापलं. आत चार चिठ्ठ्या. तीन कॅन्टीनच्या चहाबद्दल. चौथी एका सीएनसी (म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरची: जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, उलटा लागू नये म्हणून तो धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरला एक पिन बसवा. तारीख आठ महिन्यांपूर्वीची! तोवर उलट्या जॉबमुळे बाद झालेल्या मालापुढे आम्ही दर आठवड्याला ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहीत होतो. चूक मुळात होऊच नये अशा सोयीला जपानी लोक पोका-योके म्हणतात; ती पिन म्हणजे तेच.

‘आपल्या पोरांना डोकंच चालवायचं नसतं’ हे वाक्य सातपूरपासून सिन्नरपर्यंत ऐकू येतं. पहिली चूक हीच. स्वभावाचा वाटा असतो, नाही असं नाही. नवं करून बघायची खाज काहींना जास्तच असते. पण ओल्डहॅम आणि कमिंग्ज या संशोधकांनी १९९६ साली दोन कारखान्यांतल्या १७१ जणांचा अभ्यास मांडला. सर्वांत कल्पक काम कुणाचं निघालं? मुळात तसा स्वभाव, हाती डोक्याला खाद्य देणारं काम, आणि डोक्यावर न बसता पाठीशी उभा राहणारा साहेब, हे तिन्ही ज्यांना लाभलं त्यांचं. आम्ही मात्र असल्या खटपट्या पोराला नेमका पॅकिंगला टाकतो, वर ‘तू मशीन चालव, डोकं नको’ हेही ऐकवतो.

दुसरी चूक मीटिंगमधली. साहेब आधी बोलतात, मग सगळे माना डोलावतात. साहेब गप्प बसले तरी एकजण बोलेपर्यंत दुसऱ्याच्या डोक्यातलं निसटतं. एकेकट्याने सुचवलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरतात, हे येल विद्यापीठातल्या प्रयोगात १९५८ सालीच दिसलं होतं. म्हणून आधी प्रत्येकाला दहा मिनिटं कागद-पेन द्या, बोलणं नंतर.

बक्षिसाचं थोडक्यात: पाचशे रुपयांच्या पाकिटावरून आमच्याकडे भांडणंच जास्त झाली. त्यापेक्षा आठवड्याच्या आत उत्तर द्या. ‘नाही’ असेल तर का नाही, तेही तोंडावर सांगा.

पिन बसवली, टूलरूमच्या भंगारातलीच. दाखवायला त्या ऑपरेटरला बोलावलं. त्याने जॉब लावला, काढला, पुन्हा लावला.

“साहेब, जरा अलीकडं घ्यावी लागंल. कूलंट साचतंय तिथं.”