शहराची फुटबॉल टीम काढताय? मग या चुका टाळा

वर्ल्ड कपचं वर्ष आलं की कुणीतरी फाइल घेऊन येतंच. कधी कोल्हापूर, कधी नाशिक, कधी नागपूर, कधी बडोदा. शहर बदलतं, फाइल तीच असते. पहिल्या पानावर वाघाचा नाहीतर किल्ल्याचा लोगो, दुसऱ्यावर जर्सी, तिसऱ्यावर शहराची लोकसंख्या आणि शेवटच्या पानावर ‘पाच वर्षांत आयएसएल’, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग. मैदान कुठलं म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘ते बघतोय.’ जिल्ह्याच्या स्पर्धा भरवण्यात ज्याची वर्षं गेली, त्याला ते ‘बघतोय’ ऐकलं की चहा सोडून उठावंसं वाटतं. पश्चिम भारतात कुठलं शहर नवी व्यावसायिक टीम पोसू शकेल, हा प्रश्न चांगलाच आहे. तो सोडवायची पद्धत मात्र दर वेळी चुकते, आणि तीही त्याच त्या जागी.

गर्दी बघून भाळणं

सगळ्यात लाडकी चूक ही, आणि तिचं माहेर कोल्हापूर.

कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम पेठापेठांतल्या तालमींच्या आणि मंडळांच्या. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, नाहीतर दिलबहार विरुद्ध बालगोपाल अशी मॅच शाहू स्टेडियमवर असली की गावातली निम्मी दुकानं पोरांच्या भरवशावर असतात. झेंडे, ढोल, शिट्ट्या, बंदोबस्त, आणि एखाद्या निर्णयावरून तापलेली गॅलरी. महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे असलं काही बघायला मिळत नाही. बाहेरचा गुंतवणूकदार हे एकदा बघतो आणि मनातल्या मनात तिकिटाचा दर लावून मोकळा होतो.

अरे बाबा, ती गर्दी फुटबॉलची आहे, पण आधी तालमीची आहे. पेठेची आहे. आजोबा ज्या तालमीकडून खेळले, त्या तालमीची आहे. उद्या ‘कोल्हापूर एफसी’ काढलीत आणि त्यात पाटाकडीलचे पाच अन् दिलबहारचा एकच पोरगा घेतला, तर पहिली बैठक कशावर होईल ते सांगायला ज्योतिषी नको. पोरंच घेतली नाहीत, गोलकीपर गोव्याचा, मिडफिल्ड मणिपूरचं आणि कोच स्पॅनिश असं केलंत, तर भांडण होणार नाही. गर्दीही होणार नाही.

म्हणून कोल्हापूर बाद असं मी म्हणत नाही. पश्चिमेत मला पैज लावायला सांगितली तर पहिला पैसा मी तिथेच लावीन. पण तालमींची लीग मोडून नव्हे. स्थानिक लीग चालवणाऱ्या के.एस.ए.चं (कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनचं) वेळापत्रक हातात घ्यायचं, तालमींच्या मोठ्या मॅचच्या दिवशी आपली मॅच ठेवायचीच नाही, आणि निवड समितीत तालमींची माणसं पहिल्या दिवसापासून बसवायची. भांडू देत आत बसून. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये ‘एफसी कोल्हापूर सिटी’ खेळून आली आहे, म्हणजे शहराच्या नावाखाली एकत्र येणं अगदीच अशक्य नाही.

माझी चाचणी साधी आहे. तालमीच्या कट्टर कार्यकर्त्याला गाठायचं आणि विचारायचं, ‘तुमची तालीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली, तर दुसऱ्या दोघांची फायनल बघायला शंभर रुपये देऊन येणार काय?’ तो लगेच ‘येणार की’ म्हणाला तर आशा आहे. आधी हसला, तर फाइल मिटायची.

याच चुकीचा मुंबईतला अवतार म्हणजे एका रात्रीचा फोटो. 1 जून 2018 ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारताने चायनीज तैपेईला 5-0 असं धुतलं, तेव्हा बघायला 2,569 माणसं होती. मग भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओ काढून ‘शिव्या द्यायला या, पण या’ अशा अर्थाची विनवणी केली, आणि 4 जूनला केनियाविरुद्धची मॅच हाऊसफुल्ल झाली. ती भारताकडून त्याची शंभरावी मॅच होती. फाइलमध्ये फोटो कायम 4 जूनचा असतो. क्लब चालतो तो 1 जूनच्या माणसांवर, आणि त्यांनाही दर पंधरवड्याला यावं लागतं.

मोठ्या नावांची गर्दी त्याहून फसवी. सौदीची अल-हिलाल नोव्हेंबर 2023 मध्ये नवी मुंबईत आली, नेमार दुखापतीमुळे आलाच नाही. तिथलीच अल-नस्र ऑक्टोबर 2025 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला आली, रोनाल्डो नव्हता. त्या रात्रींच्या तिकीटविक्रीवरून शहराची भूक ठरवायची म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून घरचा किराणा भरण्यासारखं आहे.

मैदान ‘मिळेल’ असं धरणं

दुसरी लाडकी चूक. हिने जेवढे क्लब मारले, तेवढे पराभवांनी मारले नसतील.

एका शहराचं सांगतो. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून फोन करतात. हौशी मंडळींनी ट्रस्ट केला, राज्य पातळीच्या स्पर्धेत टीम उतरवली, जर्सीचं अनावरण हॉटेलात झालं. मैदान सार्वजनिक संस्थेचं. परवानगीचं पत्र होतं, गोल शिक्क्यासकट. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अट होती की कार्यालयाला गरज पडल्यास परवानगी आपोआप रद्द समजावी. ती कुणी वाचली नव्हती.

रविवारी मॅच होती. गुरुवारी सकाळी मैदानावर मांडववाल्यांचे ट्रक उभे. कृषी प्रदर्शन. चिटणीस पत्र घेऊन धावले, साहेबांनी पत्र उलटं करून अटीवर बोट ठेवलं. विषय संपला. मॅच गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर हलवली. मी त्या मॅचला मॅच कमिशनर होतो, म्हणजे संघटनेचा निरीक्षक. पाहुण्या टीमची बस आधी जुन्याच मैदानावर जाऊन ट्रॅक्टरच्या स्टॉलपुढे उभी राहिली. बघायला आले ते दोन्ही टीमचे नातेवाईक आणि कॉलेजच्या होस्टेलवरची चार पोरं.

खरी गंमत पुढेच आहे. प्रदर्शन उठल्यावर मैदान परत मिळालं, तेव्हा गवतात बांबूंचे खड्डे होते आणि खड्ड्यांच्या आजूबाजूला खिळे. क्लबच्या माळ्याने जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढून सुतळीला बांधला, आणि बारा-तेरा वर्षांची पोरं पेनल्टी बॉक्समधून तो ओढत फिरत होती. दर फेरीला चुंबकाला मूठभर खिळे चिकटून यायचे. पुढच्या हंगामात क्लब नव्हता. जर्सी अजून एकाच्या दुकानात स्वस्तात मिळते म्हणतात.

म्हणून मी साहेबांना नंतर भेटतो, आधी माळ्याला. वर्षभरात मांडव किती वेळा पडतो, बोअरचं पाणी मार्चनंतर येतं का, गणपतीत काय असतं, दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल कुठे लागतात, हे सगळं त्याला पाठ असतं. मग गोलपोस्टसमोर उभं राहून टाच जमिनीत दाबायची. टाच रुतलीच नाही तर तिथे पोरांचे गुडघे जाणार. घोट्यापर्यंत रुतली तर डिसेंबरात तिथे गवतच नसणार. टेप लावायची: 105 बाय 68 मीटर. आपल्याकडे कित्येक ‘स्टेडियम’मध्ये मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते. ती बघूनही लोक विचारतात, ‘वर माती टाकली तर चालेल ना?’ नाही चालणार.

आणि दिवस मोजा. 2024-25 च्या आयएसएलमध्ये 13 टीम होत्या, म्हणजे प्रत्येकीच्या घरच्या 12 मॅच. त्यात सराव, ज्युनिअर टीम आणि पावसानंतर मैदान दुरुस्त करायचा काळ धरा. मैदान वर्षभर आपल्या हातात नसेल, तर टीम आपली असून परक्यासारखी राहते. वाराणसीच्या इंटर काशीचं बघा. 2023 मध्ये पैशांच्या जोरावर थेट आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलच्या खालच्या राष्ट्रीय लीगमध्ये, प्रवेश मिळाला, 2025 मध्ये क्रीडा लवादाच्या निकालाने विजेतेपदही आलं. पण घरच्या मॅच बंगालमधल्या कल्याणीला. बनारसच्या माणसाने बघायच्या कशा?

मुंबई सिटीसारख्या श्रीमंत क्लबलाही हे सुटलेलं नाही. 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी त्यांना पुण्याच्या बालेवाडीत घर मांडावं लागलं, कारण अंधेरीचं मैदान त्या स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हतं.

‘पुण्यात चालत नाही’ असं म्हणून मोकळं होणं

पुण्याच्या क्लबांची यादी काढली की लोक मान हलवतात. 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये (तेव्हा तीच सगळ्यात वरची लीग) दुसरा आला आणि काही वर्षांत बंद झाला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019, मग तीही गेली. आयएसएलमधली तिची जागा हैदराबादने घेतली, 2022 मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली, त्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि 2025 मध्ये तो क्लबही दिल्लीला निघून गेला.

यावरून पुण्यात प्रेक्षक नाहीत असा निष्कर्ष काढणं आळशीपणाचं आहे. जे क्लब गेले ते मालकाच्या खिशाबरोबर गेले. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारी महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाली, तेव्हा काय मुंबईत प्रेक्षक संपले होते? मालकाने ठरवलं, संपलं. पुण्याची अडचण वेगळी आहे. फुटबॉल आहे कॅम्पात, खडकीत, दापोडीत, आणि स्टेडियम बालेवाडीत. संध्याकाळच्या मॅचला तिथे पोचायचं आणि रात्री परत यायचं, हे एकदा बाइकवर करून बघा, मग प्रेक्षकांना नावं ठेवा. माझं मत विचाराल तर पुण्यात पाच हजारांचंच मैदान चालेल, पण ते गावात हवं. हे ऐकलं की फाइलवाल्यांचा चेहरा पडतो, कारण पाच हजारांचं चित्र फाइलमध्ये छान दिसत नाही.

बाकीच्या, पटापट

लोकसंख्येवरून शहर निवडणं. सुरतेत लाखो माणसं आहेत, म्हणून सुरतेत फुटबॉल आहे असं होत नाही. आधी जिल्हा लीगमध्ये किती टीम आहेत ते बघा. अहमदाबादला एका अरेनात 2019 चा इंटरकॉन्टिनेंटल कप झाला, स्टेडियम देखणं आहे, पण त्याभोवती रोजचं फुटबॉल उभं राहायला अजून वेळ आहे.

‘गोव्यात अजून एक’ ही कल्पना. तिथे प्रेम आहे, प्रेक्षक आहेत, आणि एवढ्याशा राज्यात जुने क्लबही पुष्कळ आहेत. धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तरी 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीग सोडून बाहेर पडले, कारण वरची पायरी नव्या लीगला, म्हणजे आयएसएलला, द्यायचं चाललं होतं. धेंपो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला, तोही खालच्या लीगमधून खेळून. गोव्यात नवा क्लब काढण्यापेक्षा जुन्याला पैसे द्या.

नागपूरला विसरणं. नकाशावर ते पश्चिमेत बसत नाही म्हणून कुणी नाव घेत नाही. कामठी-नागपूरच्या क्लबांची परंपरा जुनी आहे, आणि मुंबई-पुण्याच्या सावलीत ते नाही, हा फायदाच.

नवी मुंबई वेगळी धरणं. स्टेडियम मोठं आहे, पण क्लबचा दिवा लावायचा तर आधी तिथल्या शाळांमध्ये टीम उभ्या करा. तोवर तिथे येणारे प्रेक्षक मुंबईचेच.

एकाच प्रायोजकावर उभं राहणं. याबद्दल बोलून तोंड दुखलं. तीन छोटे घ्या.

थेट वरच्या लीगचं स्वप्न. 2025 सरलं तरी आयएसएलचा नवा हंगाम सुरू झालेला नव्हता, कारण महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार डिसेंबरात संपला आणि पुढचं ठरलंच नव्हतं. त्याच महिन्यात परदेशातला बडा गुंतवणूकदार मुंबई सिटीतून बाहेर पडला. वरच्या मजल्याची अशी अवस्था होत असेल, तर आपण जिना चढायची घाई कशाला करायची? राज्य लीग, मग खालच्या राष्ट्रीय लीग, असं एकेक पायरी खेळत या. घाई असलेल्यांना हे ‘वेळखाऊ’ वाटतं. वाटू दे.

शेवटचं, फाइलवाल्यांसाठी. लोगो छापण्याआधी एक हंगाम जिल्हा लीगची आठवड्यातली मॅच निवडा, शक्यतो दुपारी चारची, स्टार कुणी नसलेली. वीस रुपये तिकीट लावा. पास नाही, ओळखीने आत सोडणं नाही, नगरसेवकालाही नाही. रोजच्या पावत्या वहीत लिहा आणि ती वही घेऊन माझ्याकडे या. जर्सीचा रंग आपण नंतर बघू.