फक्त रेकॉर्डवर आलेलं गाणं मोबाइलवर कसं आणायचं

आवडत्या गायकाचा नवा अल्बम फक्त रेकॉर्डवर, म्हणजे विनाइलच्या तबकडीवर, निघतो, याचा मला मनापासून राग येतो. रत्नागिरीहून एसटीने जाता-येता ऐकणाऱ्याने काय करायचं? रेकॉर्ड विकत घेतलीच असेल, तर स्वतःपुरती डिजिटल प्रत करून ठेवा.

आधी बुरशी बघा. आमच्याकडे पावसाळ्यात कव्हरवर आणि खाचांमध्येही पांढरट ठिपके धरतात. मऊ मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं करून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मधलं लेबल कोरडं राहू दे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. क्षार खाचांत बसतात आणि करकर वाढते.

टर्नटेबलचा (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा) आवाज फोनो प्रीअँपमधूनच घ्या, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवून सुधारणाऱ्या उपकरणातून. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवतात. प्रीअँप ते पूर्ववत करतो. तो नसला तर तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो. (काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, मागचं बटण बघा.) पुढे यूएसबी इंटरफेस (आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारी डबी) जोडा, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत मिळणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट ठेवा. सर्वांत मोठ्या आवाजाची तानसुद्धा ऑडॅसिटीच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फाइलचा प्रकार) साठवा, एमपी३ नंतर हवी तेव्हा करता येते.

लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून एक बाजू संपली की लगेच सेव्ह करा.