दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा: किल्ल्याभोवती आखलेली तयारीची यादी

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की घराघरांत एकच प्रश्न निघतो: किल्ल्याची माती कुठून आणायची? तो त्याच दिवशी निघाला तर उशीर झालेला असतो, कारण तोवर नर्सरीतली पोती संपलेली असतात आणि आईबाबांची रजा कुठल्या दिवशी हेही ठरलेलं नसतं. म्हणून ही यादी आधीच लिहिते आहे. ती पुण्यात राहणाऱ्या, घरात साधारण पाच ते बारा वर्षांची मुलं असणाऱ्यांसाठी आहे आणि सुट्टी लागल्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या आठवड्याची आहे. पाडवा आणि भाऊबीज नातेवाइकांकडे जाण्यायेण्यात आपोआप भरतात, त्यांची आखणी करायला लागत नाही.

सुट्टीत रोज काहीतरी नवीन दाखवायच्या मागे लागू नका. मुलं दमतात, मोठे चिडतात, आणि आठवड्याच्या शेवटी कुठे काय पाहिलं याचा सगळा काला झालेला असतो. किल्ला हा आठवड्याचा कणा धरा आणि बाहेरची प्रत्येक सफर त्या किल्ल्याच्या कामाला येईल अशी निवडा. दरवाजा बघून यायचा आणि घरी दरवाजा करायचा. हे जमलं की मुलांना हाताला धरून न्यावं लागत नाही, तीच आपल्याला ओढत नेतात.

आधी जागेचं बघा. वाडा किंवा बंगला असेल तर प्रश्न नाही, पण बहुतेकांचा किल्ला आता सोसायटीत होतो. सेक्रेटरींना पंधरा दिवस आधी विचारून पार्किंगचा एखादा कोपरा मागून घ्या, आणि विचारायला मुलांनाच पाठवा, चिठ्ठी त्यांनाच लिहू दे. गॅलरीत करणार असाल तर खाली जाड प्लॅस्टिक, त्यावर प्लायवूडचा तुकडा, आणि पाणी जायच्या मोरीच्या तोंडावर जाळी. ही जाळी विसरू नका, लाल माती पाइपात बसली की प्लंबरला बोलवावं लागतं आणि दिवाळीत प्लंबर मिळत नाही. परतीचा पाऊस कधीकधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो, म्हणून झाकायला ताडपत्री हाताशी हवी.

सामान फार लागत नाही, पण वेळेवर लागतं. लाल मातीची दोन-तीन पोती, आतल्या भरावाला फुटक्या विटा आणि दगड, चार-पाच गोणपाटं, थोडी काव, थोडा चुना, पांढरी रांगोळी. गोणपाट किराणा दुकानदाराकडे आधी सांगून ठेवलं तर मिळतं. तळ्यासाठी जुनी परात, भुयारासाठी पाइपाचा तुकडा किंवा करवंटी, कारंज्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाइनची नवी नळी. सुई दुकानातच काढून द्यायला सांगा. आणि पन्नासेक ग्रॅम हळीव.

हळिवाचं मुद्दाम सांगते. किल्ल्यावर हिरवळ म्हणून मोहरी पेरायची पद्धत आहे, पण मोहरीचा दाणा उतारावरून घरंगळतो आणि सगळं गवत पायथ्याला उगवतं. हळीव तासभर भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि तो चिकटतो. मूठभर ओल्या मातीत ते कालवायचे आणि बोटांनी कड्यावर सारवल्यासारखे लावायचे, अगदी उभ्या भिंतीवरसुद्धा राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतात, चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं. म्हणजे वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर पेरणी त्याआधी चार दिवस झालीच पाहिजे. हा हिशोब कॅलेंडरवर मुलांनाच मागे मोजून मांडू दे. पाणी तांब्याने ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. ओतलं की बुरूज वाहून जातो.

कुठला किल्ला करायचा हे ठरवायला एक अख्खी संध्याकाळ ठेवा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. नकाशा जमिनीवर पसरून मुलांना हे बारा शोधायला लावा. मग निवड. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, म्हणजे तीन-चार मुलांना एकेक भाग वाटून देता येतो, भांडण कमी. सिंधुदुर्ग घेतला तर परातच समुद्र होते, लहान जागेत हाच सोपा.

पहिली सफर सिंहगडाची, आणि ती किल्ला बांधण्याआधी. गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, वरपर्यंत गाडीरस्ताही आहे, पण सहा-सात वर्षांचं मूल पायवाटेने आरामात चढतं, फक्त मोठ्यांच्या तासा-सव्वा तासाच्या जागी दोन तास धरा. रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. सकाळी सहाला घर सोडायचं असेल तर पिशवी रात्रीच भरून दाराशी ठेवा: माणशी लिटरभर पाणी, टोप्या, गूळ-शेंगदाणे, एक जादा टी-शर्ट, बँडेज, वही आणि पेन्सिल. बूट नवे नकोत, पायात बसलेले हवेत. माकडं हातातला खाऊ ओढतात, त्यामुळे खाऊ पिशवीत आणि पिशवीची चेन बंद. कड्यांना मधमाश्यांची पोळी असू शकतात, दगड मारायचा नाही हे खाली असतानाच बजावून ठेवा.

वर गेल्यावर सगळा गड फिरवायचा अट्टाहास नको. पुणे दरवाजाशी थांबा. तिथे एकामागून एक तीन दरवाजे आहेत. पहिल्यातून आत आल्यावर वरून कोण दगड टाकू शकेल, हत्तीला धावायला जागा कुठे आहे, असं मुलांना विचारा आणि त्यांना उभं राहून बघू दे. वहीत वाटेची नुसती वळणं काढली तरी घरचा किल्ला बदलतो. पुढे तानाजी कडा आणि तानाजी मालुसऱ्यांची समाधी. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र तिथे उभं राहून सांगितली तर मुलांना त्या काळोख्या चढाचा अंदाज येतो. देवटाक्याचं पाणी बघायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, आणि ऊन चढायच्या आत उतरायला लागायचं.

दुसरा आणि तिसरा दिवस बांधकामाचा. सफर नको, पाहुणे नकोत. मोठ्यांचं काम पोती उचलण्याचं आणि विटा रचताना बोटं सांभाळण्याचं, बाकी हात मागे. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू दे. गोणपाट मातीच्या पातळ राड्यात बुडवून विटांवर टाकलं की त्याच्या सुरकुत्याच कडे होतात, त्यावर घट्ट मातीचा लेप. शेजारच्या मुलांना बोलवाच, आणि लहानग्यांना खरं काम द्या: खडे निवडणं, चुन्याने पायऱ्या रंगवणं (काडीला कापूस गुंडाळून, हात न लावता), रांगोळीने रस्ते आखणं. नुसतं ‘तू बघ हं’ म्हटलं की पाच वर्षांचं पोर पाय आपटत किल्ल्यावरूनच चालत जातं. दुपारी तासभर शाळेचा गृहपाठ उरकून घ्या, हात धुवायचेच असतात.

हळीव लावून झाले की मावळे आणायला कसबा पेठेत. दिवाळीआधी लक्ष्मी रोडच्या बाजूला गाडी घालणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं, म्हणून मेट्रोने जा. सिव्हिल कोर्टावरून कसबा पेठेकडे जाताना मेट्रो मुठा नदीच्या खालून जाते, हे आधी सांगून ठेवलं तर मुलं डोळे मिटायची नाहीत. कुंभारवाड्यात पणत्या आणि किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं मिळतात: सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, गवळण, गुहेतला वाघ. प्रत्येक मुलाला ठरावीक पैसे आणि स्वतःची पिशवी द्या, घासाघीस त्याची त्याला करू दे, पण कुंभाराच्या मेहनतीचं मोल राहील इतपतच.

तिथून शनिवारवाडा चालण्याच्या अंतरावर आहे. १७३०मध्ये पाया घातला, १७३२मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८च्या आगीत आतला वाडा जळाला, त्यामुळे आत जोती आणि बागच दिसते. मुलांना ते रिकामं वाटू शकतं. म्हणून दिल्ली दरवाजावर वेळ घाला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार खिळे मोजायला लावा, मोठ्या दाराच्या फळीतली छोटी दिंडी दाखवा आणि तिच्यातून वाकून जाताना माणूस किती असहाय होतो ते करून बघू दे. मग हजारी कारंजं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत बंदिस्त नळ बांधला गेला आणि पाणी नुसत्या उतारावर हौदांपर्यंत आणि वाड्यापर्यंत येत असे, पंप नाही, काही नाही. घरी गेल्यावर बादली खिडकीत ठेवून सलाइनची नळी खाली किल्ल्यातल्या तळ्यात सोडायची. बादली वर घेतली की धार उंच, खाली घेतली की बुटकी. आमच्याकडच्या मुलीने नळीचं चाक फिरवत हा खेळ तासभर केला आणि शेवटी बादली स्टुलावर चढवली.

तो तलाव बघायचा असेल तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय गाठा. ते बुधवारी बंद असतं, दिवस त्याप्रमाणे निवडा. आवार मोठं आहे, लहान मुलं असतील तर सकाळीच जा आणि सर्पोद्यान आधी करा. प्लॅस्टिकच्या पुड्या नकोत, डबा न्या.

केळकर संग्रहालय दुपारच्या वेळेला उत्तम, मंडई स्टेशनवरून चालत जाता येतं. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला आणि १९७५मध्ये तो राज्य शासनाला दिला. वीस हजारांवर वस्तू आहेत, सगळं बघायचं नाही. दिवाळी आहे तर दिवे बघा: पितळेचे, साखळीला टांगायचे, पक्ष्यांच्या आकाराचे. प्रत्येकाने एक दिवा निवडून वहीत काढायचा आणि घरी आल्यावर उरलेल्या मातीतून तसा करून बघायचा. अडकित्त्यांपाशी मात्र थांबावंच लागेल, त्यांचे आकार मुलांना हलू देत नाहीत.

धनत्रयोदशीच्या सुमाराला आकाशकंदील. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, दोरा आणि कणकेची खळ. कामट्या मोठ्यांनी तासून द्या, बांधणी मुलांची.

फटाके उडवायच्या संध्याकाळच्या आधीच त्यांची तयारी झालेली असावी: सुती कपडे, पायात बूट, एक बादली पाणी, एक घमेलं वाळू, आणि फुलबाजीची जळकी तार टाकायला वेगळं भांडं, कारण पाय भाजतात ते विझलेल्या तारेवर. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्याला लागलं असेल तर थेट दवाखाना. जवळचा कुठला दवाखाना दिवाळीत उघडा आहे ते आदल्या दिवशी विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

किल्ला मोडायचा दिवसही ठरवून ठेवा, नाहीतर तो डिसेंबरपर्यंत पार्किंगमध्ये खचत राहतो आणि पुढच्या वर्षी सेक्रेटरी जागा देत नाहीत. मावळे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून बुटाच्या खोक्यात, खोक्यावर नाव आणि वर्ष. विटा ज्यांच्या त्यांना परत. माती चाळून सोसायटीच्या कुंड्यांत, गोणपाट वाळवून माळ्यावर. हे सगळं शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, ज्यांनी बांधला त्याच सगळ्या मुलांनी मिळून करायचं.