ड्रायव्हर उतरवताना यंत्रणा कोसळत होती : थ्रेडबाबतचा माझा अनुभव

विंडोजच्या अनुप्रयोगांमध्ये सी रनटाइम (सी भाषेतील प्रोग्रामना लागणाऱ्या तयार फंक्शनांचा संच) वापरत असल्याने थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, सुरू करायला मी क्रिएटथ्रेड या फंक्शनऐवजी नेहमी बिगिनथ्रेडएक्स वापरतो, कारण ते प्रत्येक थ्रेडसाठी रनटाइमची अंतर्गत माहिती सिद्ध करते. कर्नल ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या कोडमध्ये, यांपैकी काहीच उपलब्ध नसते. तिथे पीएसक्रिएटसिस्टमथ्रेड वापरावे लागते.

मी ते वापरले, मिळालेले हँडल (थ्रेड हाताळण्यासाठी यंत्रणा देते ती खूण) लगेच बंद केले आणि काम चालू लागले. मात्र ड्रायव्हर उतरवताच, म्हणजे स्मृतीतून काढताच, यंत्रणा कोसळून निळा पडदा दिसे. अनुप्रयोगाची प्रक्रिया संपली की तिचे सर्व थ्रेडही संपतात, आणि तीच अपेक्षा मी नकळत इथेही बाळगली होती. प्रत्यक्षात माझा थ्रेड विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम प्रक्रियेत चालूच राहत होता आणि ज्या स्मृतीत त्याचा कोड होता, ती मात्र ड्रायव्हरबरोबर काढून घेतली जात होती.

उपाय असा केला : हँडल बंद करण्यापूर्वी ओबीरेफरन्सऑब्जेक्टबायहँडलने थ्रेड ऑब्जेक्टचा (यंत्रणेने थ्रेडसाठी ठेवलेल्या नोंदीचा) संदर्भ घेऊन ठेवला, म्हणजे तो नष्ट होत नाही. ड्रायव्हर उतरवताना चालणाऱ्या अनलोड रूटीनमध्ये आधी थ्रेडला थांबण्याचा इव्हेंट (इशारा) दिला, मग त्या ऑब्जेक्टवर केईवेटफॉरसिंगलऑब्जेक्टने थ्रेड पूर्ण संपेपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी संदर्भ सोडला. थ्रेडने ध्वज (स्थिती दाखवणारे एक चल) बदलून ‘मी संपलो’ असे कळवणे पुरेसे नाही, कारण ध्वज बदलल्यानंतरही त्याच्या काही सूचना चालायच्या उरलेल्या असतात. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

ड्रायव्हरमधील लहान, क्वचित येणाऱ्या कामांसाठी आता मी स्वतंत्र थ्रेड काढतच नाही. तिथे काम यंत्रणेच्याच थ्रेडकडे सोपवणारे आयओक्यूवर्कआयटम वापरतो, कारण काम संपेपर्यंत डिव्हाइस ऑब्जेक्टचा (ड्रायव्हरच्या उपकरणाच्या नोंदीचा) संदर्भ यंत्रणाच सांभाळते.