स्तनाच्या इम्प्लांटच्या ऑपरेशननंतर घरी गेल्यावर या चुका टाळा

बाराव्या दिवशी ती ड्रेसिंगला आली तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच मोठी दिसत होती. ताप नव्हता, लाली नव्हती, पण बोट ठेवलं की आत पाणी डुचमळल्याचं हाताला कळत होतं. मी विचारलं, “वहिनी, जड काय उचललं?” “न्हाई वो सिस्टर, कळशीला हातबी लावला न्हाई.” नवऱ्यानंही मान हलवली. मग टाके पुसता पुसता गावाकडचं बोलणं निघालं. जत्रा होती, पाहुणे आले होते. “भाकरी तेवढ्या थापल्या. त्याबी बसूनच.” किती? चाळीस.

ती खोटं बोलत नव्हती. वजन उचलू नका असं सांगितलं होतं, तिनं उचललं नव्हतं. पण पीठ मळताना आपण तळव्यानं रेटा देतो, थापताना हात गोल फिरवतो, तो जोर छातीच्या मोठ्या स्नायूतून येतो. तिचा इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या आकारासाठी आत बसवलेली पिशवी, त्याच स्नायूखाली होता. सोनोग्राफीत बघून सुईनं पाणी काढावं लागलं. पुढं सगळं नीट झालं, पण तीन फेऱ्या वाढल्या आणि जतहून मिरजेची फेरी म्हणजे अख्खा दिवस.

मी मिरजेत ड्रेसिंग रूममध्ये काम करते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी, अशा सगळीकडून बायका येतात. कुणाचा स्तन कॅन्सरमुळं काढलेला असतो आणि तिथं इम्प्लांट बसवलेला असतो, कुणी आकारासाठी ऑपरेशन करून घेतलेलं असतं. दोन्ही ऑपरेशनं वेगळी, पण घरी गेल्यावरच्या चुका बऱ्याचशा सारख्याच. आणि त्यातल्या निम्म्याशिम्म्या चुकांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. घरात कुणाला खरं सांगितलेलं नसतं. ‘गाठ काढली’ एवढंच सासूला माहीत असतं, जावेला तर तेही नाही. मग हंडा उचलायची वेळ आली की नाही म्हणायला कारण उरत नाही. सगळ्या गल्लीला सांगू नका, पण ज्यांच्या हाताखाली किंवा हाताबरोबर काम करता त्या दोघींना तरी सांगा. “छातीचं ऑपरेशन झालंय, दीड महिना जोराचं काम बंद.” एवढं पुरतं.

जोर कुठून येतो ते ओळखा

दहा लिटरची कळशी म्हणजे दहा किलो. भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास. हे कुणीही टाळतं. फसगत होते ती ढकलण्या-ओढण्याच्या कामांत. चादर पिळणं, हापसा मारणं, दुकानाचं शटर ओढणं, स्कूटी डबल स्टँडला लावणं, पाट्यावर चटणी वाटणं. पहिले काही आठवडे दोन किलोच्या वरचं काही नको, आणि ही जोराची कामं साधारण चार ते सहा आठवडे बंद. तुमच्या सर्जननी यापेक्षा जास्त दिवस सांगितले असतील तर तेच धरून चाला.

अंथरुणातून उठणं ही रोजची चूक. हाताचा रेटा देऊन उठायचं नाही. आणि मदतीला आलेला माणूस काय करतो, दंड धरून ओढतो! पाठीखाली हात घालून बसवायचं असतं. हे मी प्रत्येक नवऱ्याला घरी सोडायच्या दिवशी एकदा करून दाखवायला लावते. झोपायचं ते पाठीवर, उशा रचून डोक्याकडची बाजू उंच करून. पालथं झोपणं दीड महिना तरी नाही.

लहान मूल असेल तर जीव तुटतो, मला कळतं. दोन वर्षांचं लेकरू दहा-बारा किलोचं असतं. तुम्ही आधी बसा, मग त्याला कुणीतरी मांडीवर द्या. उचलून कडेवर घ्यायचं नाही.

याच्या उलट चूकही तेवढीच बघते. भीतीनं हात अंगाला चिकटवून बसायचं, पंधरा दिवस केसांनाही हात लावायचा नाही. मग खांदा आखडतो आणि तो मोकळा करायला महिने जातात. बोटं, मनगट, कोपर, खांदे हळूहळू गोल फिरवणं हे बहुतेकींना पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून करायला सांगतात. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा, ते सर्जनना तारखेसकट विचारून घ्या. घरातल्या घरात चालायला तर लागाच. झोपून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते.

ड्रेनची बाटली

सगळ्यांना ड्रेन नसतो. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बहुतेक वेळा असतो. मऊ प्लॅस्टिकचा फुगा, त्याला नळी. हा फुगा दाबलेला असेल तरच तो आतलं पाणी ओढतो. बऱ्याच जणी तो रिकामा करतात, झाकण लावतात, आणि दाबायचं विसरतात. फुगा टम्म फुगलेला दिसतो, त्यात हवा असते, आणि पाणी आतच साठत राहतं. झाकण उघडायचं, मापात ओतायचं, फुगा मुठीत पूर्ण चेपायचा, आणि चेपलेला असतानाच झाकण लावायचं. हे घरी जायच्या आधी सिस्टरसमोर स्वतः दोनदा करा.

माप सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्या, दोन ड्रेन असतील तर दोघांचं वेगळं लिहा. चोवीस तासांत वीस-तीस मिलिलिटरच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात, म्हणून तुमची वही आम्हाला लागते. ‘थोडंच येतंय’ यावरून काही ठरवता येत नाही. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. पिवळसर झालेलं पाणी परत लालभडक आलं किंवा फुगा भराभर भरायला लागला तर लगेच फोन करा.

नळी पदराला पिन करू नका. पदर सरकतो, नळी ओढली जाते, टाका तुटतो. पुढून बटणं असलेला गाऊन किंवा नवऱ्याचा जुना शर्ट घाला आणि फुगा जखमेच्या पातळीखाली त्यालाच अडकवा. आतली ब्राही पुढून उघडणारी, तार नसलेली, डॉक्टरांनी सांगितलेलीच. घट्ट ब्लाऊज सध्या कपाटात राहू द्या.

हळद, शेक आणि मिश्री

सांगलीची हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकनाची आहे, आपल्याला तिचा अभिमान आहेच. पण ती टाक्यांवर लावायची नाही. खोबरेल नाही, घरातलं उरलेलं मलम नाही. इम्प्लांटपर्यंत जंतू पोचले तर बऱ्याचदा तो काढूनच टाकावा लागतो, आणि परत बसवायला महिने थांबावं लागतं.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक ही माझ्या मते सगळ्यांत क्रूर चूक, कारण ती मायेपोटी होते. आईनं रात्री दुखतंय म्हणून पिशवी ठेवली, लेकीला झोप लागली. ऑपरेशननंतर त्या कातडीला बऱ्याचदा संवेदना नसते, भाजतंय हे कळतच नाही. सकाळी पिशवीच्या कडेच्या आकाराचा फोड. बर्फाचंही तसंच आहे. डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, आणि तोही फडक्यात गुंडाळून थोडाच वेळ.

आता मिश्री. ऑपरेशनच्या आधी विचारतात, “तंबाखू खाता का?” उत्तर येतं, “नाही.” आणि ते मनापासून असतं, कारण मिश्री म्हणजे तंबाखू असं आपल्याकडं कुणी धरतच नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. स्तन काढल्यावर इम्प्लांटवरची कातडी आधीच पातळ असते, तिला रक्त कमी पडलं की कड काळी पडते, जखम उघडते. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस मिश्री पूर्ण बंद हवी. लपवून लावली असेल तर सर्जनना आधी सांगा. कुणी रागावत नाही, तारीख पुढं ढकलतील फार तर.

गोळ्यांबद्दल थोडंच. अँटिबायोटिकचा कोर्स मधे सोडू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुखण्याची गोळी आणू नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यासाठीचं औषध मागून घ्या.

हे होणारच

पहिले तीन-चार दिवस छातीवर पाटा ठेवल्यासारखं घट्ट वाटतं. इम्प्लांट वर चढल्यासारखा दिसतो, एक बाजू लवकर खाली बसते, दुसरी उशिरा. सहा आठवडे ते तीन महिने हे चालतं, पक्का आकार यायला सहा महिने ते वर्ष. रोज आरशात मोजमाप करून रडणाऱ्या मुली मी बघते, तेव्हा आरशावर फडकं टाकावंसं वाटतं. कुशीवर वळताना आत गुडगुड आवाज येतो, विजेचा झटका आल्यासारखी कळ जाते, खाज सुटते. कळ आणि खाज येते ती मज्जातंतू भरून येत असतात म्हणून. काही भाग महिनोन् महिने बधिर राहतो, काहींना कायमचाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं. त्या वेळी जवळच्या माणसानं नुसतं शेजारी बसावं. पंधरा दिवस झाले तरी मन उठतच नसेल तर तेही फॉलोअपला सांगा.

यासाठी सोमवारची वाट बघू नका

एकच बाजू अचानक फुगली, दगडासारखी कडक झाली, दुखणं कमी होऊन परत वाढलं, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. पहिल्या एक-दोन दिवसांत हे जास्त होतं. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू, काळी पडणारी कातडी, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी या. पोटरी सुजून दुखत असेल किंवा एकदम दम लागला तर मिरजेपर्यंत येत बसू नका, जवळच्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा. गावातल्या डॉक्टरांना छाती दाखवायची लाज वाटते म्हणून दोन दिवस काढलेल्या बायकांचं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय.

कार्ड

डिस्चार्जच्या कागदात एक छोटं कार्ड असतं, त्यावर कंपनी, आकार, बाजू आणि लॉट नंबर. ते फाईलसकट माळ्यावर जातं. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या सांगण्यावरून कंपनीनं जगभरातून परत मागवले. त्यांच्याभोवतीच्या आवरणात एक दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा (एक प्रकारचा रक्तपेशींचा कॅन्सर) आढळत होता. तेव्हा आपला इम्प्लांट कोणता हे ज्यांच्याकडं कार्ड होतं त्यांना लगेच सांगता आलं. इम्प्लांट जन्मभराचा नसतो. सिलिकॉनचा असेल तर पाच-सहा वर्षांनी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी असं एफडीए सांगते, कारण तो आत फाटला तरी बाहेरून कळत नाही. कित्येक वर्षांनंतर एक बाजू सुजली, कडक झाली तरी दाखवा. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला गेलात तर आत इम्प्लांट आहे हे तिथल्या टेक्निशियनला आधी सांगा. कार्डाचा फोटो काढून लेकीच्या नाहीतर बहिणीच्या मोबाईलवर आजच पाठवून ठेवा.