चित्रपुस्तकातून तुलना आणि अंदाज कसे शिकवावे

चित्रपुस्तक वाचताना मोठ्यांची नजर ओळींवर असते आणि मुलाची चित्रावर. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तुलना करायला आणि अंदाज बांधायला शिकवायचे असेल, तर आपणही आधी चित्राकडेच पाहावे.

पुस्तक मोठ्या चित्रांचे आणि मोजक्या मजकुराचे निवडावे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात. मात्र दोन पाने शेजारी ठेवता यावीत म्हणून छापील प्रत बरी. येथे उदाहरणादाखल लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची लोककथा घेऊ.

पहिले वाचन अंदाजासाठी राखून ठेवावे, कारण गोष्ट एकदा कळली की मूल अंदाज करत नाही, आठवून सांगते. मुखपृष्ठ दाखवून गोष्ट कोणाची असेल, ते विचारावे. पुढे दोन-तीन ठिकाणीच थांबावे. पानोपानी प्रश्न विचारल्यास गोष्टीची परीक्षा होते आणि मूल उठून जाते. पान उलटण्यापूर्वी “आता काय होईल?” असे विचारून निदान पाच आकडे मनात मोजावे आणि उत्तर आल्यावर “कशावरून?” एवढेच विचारावे. माझ्या मते सगळी शिकवणूक या एका शब्दात आहे. लेकीच्या अंगणातला भोपळा पाहून माझी चार वर्षांची भाची म्हणाली होती, “आजी ह्यात बसून जाणार.” कशावरून, असे विचारताच तिने एक बोट आजीवर आणि दुसरे भोपळ्यावर ठेवले. “हा आजीएवढा आहे!” तिचा अंदाज तुलनेतूनच आला होता.

अंदाज चुकला तरी “चूक” म्हणू नये, पान उलटून “चित्रात काय दिसते?” असे विचारावे, म्हणजे मूल आपले म्हणणे स्वतःच दुरुस्त करते.

दुसऱ्या वाचनात तुलना घ्यावी. घरून निघालेली म्हातारी आणि लेकीकडे तूपरोटी खाऊन परतणारी म्हातारी, अशी दोन पाने आलटून पालटून दाखवावीत. काय बदलले, हे मूल चटकन सांगते: आधी काटकुळी, आता गुबगुबीत. काय तसेच राहिले, हा प्रश्न अवघड आहे, म्हणून तेथे रेंगाळावे. काठी, लुगडे, अंबाडा असे एकेक सापडू द्यावे. मूल नुसते बोट दाखवत असेल, तर “हो, आधीपेक्षा जाड झाली” असे पूर्ण वाक्य आपण बोलावे, म्हणजे ‘पेक्षा’, ‘एवढा’, ‘सारखा’ हे शब्द त्याच्या कानावर पडतात.

नंतर तुलना आणि अंदाज एकत्र आणावेत. जाताना आधी कोल्हा आणि मग वाघ भेटला, तर त्याच वाटेने परतताना आधी कोण भेटेल? उत्तर सुचत नसेल, तर जमिनीवर दोरीची वाट करून दोन खेळणी मांडावीत आणि मुलालाच त्या वाटेवरून चालवून आणावे. पुस्तकात हा क्रम पाळलेला नसेल, तर काही मुले चित्रकाराचीच चूक काढतात. त्या वेळी त्यांना थांबवू नये.