तेलाचा बॉयलर की गॅसचा? भाव लिटरचा नको, युनिटचा काढा

थंड मुलखात घर घेतलं की हा प्रश्न येतोच: घर तापवायला तेलाचा बॉयलर बसवायचा की गॅसचा? सल्ले द्यायला जो तो पुढे. एक म्हणतो, “गॅस स्वस्त, डोळे झाकून घ्या.” दुसरा म्हणतो, “तेलाची ऊब वेगळीच.” कसली वेगळी? खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये फिरतं ते पाणी. त्याखाली काय जळतंय याचा त्याला पत्ताही नसतो. स्वतःची तीन घरं आणि नातलग-मित्रांची दहा-बारा, एवढ्या ठिकाणी ही निवड मी केली आहे. त्यातली एक साफ चुकली, आणि ती हिशेबात चुकली. म्हणून या लेखात हिशेबालाच जास्त जागा दिली आहे.

१. रस्त्यावरून गॅसची लाइन गेली आहे का?

गेली असेल आणि जोडणीचा खर्च आवाक्यातला असेल, तर गॅस घ्या. टाकी नको, टँकरची वाट बघणं नको, काजळी जवळजवळ नाही. तुम्ही थेट चौथ्या पायरीवर गेलात तरी चालेल. लाइन लांब असेल तर खोदाईसकट आकडा लेखी मागा. तोंडी सांगितलेल्या आकड्यात खोदाई कधीच धरलेली नसते.

लाइन नसेल तर खरी निवड तेल की टाकीतला एलपीजी अशी असते. लोक वाद घालतात पाइपच्या गॅसवर आणि घरी आणतात एलपीजी. दोन्हींचं गणित अगदी वेगळं आहे.

याच पायरीला कायदाही विचारून घ्या. बॉयलर पंधरा-वीस वर्षं चालतो, नियम तेवढे टिकत नाहीत. नॉर्वेने २०२० पासून घरं तापवायला खनिज तेल जाळण्यावर बंदी घातली. युरोपीय संघात २०२५ पासून फक्त तेलागॅसवर चालणाऱ्या नव्या बॉयलरला सरकारी अनुदान देता येत नाही. घर उत्तम बंदिस्त असेल, म्हणजे भिंती-छतातून ऊब निसटत नसेल, तर आधी हीट पंपाचा (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या यंत्राचा) आकडा मागवा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण न विचारता पुढे जाऊ नका.

२. टाकीची जागा

तेलाची टाकी घराजवळ चालते, पण दुहेरी भिंतीची घ्या. गळलेलं तेल जमिनीत मुरलं की माती उपसून न्यावी लागते. एलपीजीची टाकी घरापासून आणि हद्दीपासून काही मीटर लांब लागते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खड्ड्यात, गटारात, तळघरात साचून राहतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन, ब्युटेन किंवा दोन्हींचं मिश्रण; टाकी उघड्यावर असेल तर प्रोपेनच मागा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो, ब्युटेन शून्याच्या आसपासच थंड पडतो. तेलातही असंच आहे: डिझेलच्या जातीचं तेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं दाटतं आणि फिल्टर चोंदवतं, रॉकेल सहसा दगा देत नाही.

३. हिशेब (इथे घाई करू नका)

तेल लिटरवर मिळतं, पाइपचा गॅस घनमीटरवर किंवा युनिटवर, एलपीजी लिटरवर किंवा किलोवर. हे भाव शेजारी शेजारी मांडून “हा स्वस्त” म्हणणं म्हणजे एक दुकान डझनाने विकतं आणि दुसरं किलोने, तरी किमतीच तेवढ्या ताडून बघण्यासारखं आहे. सगळं एका मापात आणा. माप घ्या युनिटचं, म्हणजे एक किलोवॉट-तास. विजेच्या बिलात असतं तेच.

एक लिटर रॉकेलमध्ये साधारण १०.३ युनिट उष्णता असते. डिझेलच्या जातीच्या तेलात थोडी जास्त, १०.६ च्या आसपास. एक घनमीटर नैसर्गिक वायूत सुमारे ११, एक लिटर प्रोपेनमध्ये फक्त ७.१. हा शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. एलपीजीचा लिटर तेलाच्या लिटरपेक्षा कमी भावाचा दिसतो आणि माणूस तिथेच फसतो. दोन्ही बॉयलर सारखेच कार्यक्षम धरले, तर एलपीजीचा लिटर तेलाच्या लिटरच्या सत्तर टक्क्यांहून खाली आल्याशिवाय एलपीजी स्वस्त पडत नाही. कोणी भाव सांगितला की मी पहिल्यांदा हा गुणाकार करते. बरेचसे वाद तिथेच मिटतात.

आता माझी चूक सांगते. उष्णतेचे आकडे दोन प्रकारचे असतात, ढोबळ आणि निव्वळ, अगदी नफ्यासारखे. इंधनात हायड्रोजन असतो, तो जळला की पाणी तयार होतं. हे पाणी वाफ होऊन धुराबरोबर बाहेर जातं आणि जाताना बरीच उष्णता घेऊन जातं. ही उष्णता धरून काढलेला आकडा ढोबळ, सोडून काढलेला निव्वळ. तेलात दोघांमधलं अंतर सुमारे ६ टक्के, एलपीजीत ८-९ टक्के आणि नैसर्गिक वायूत ११ टक्के.

मी वर दिलेले आकडे ढोबळ आहेत. युनिटवर येणारं गॅसचं बिलही अनेक देशांत ढोबळावरच असतं. पण बॉयलरच्या माहितीपत्रकावरची टक्केवारी बहुतेक वेळा निव्वळावर काढलेली असते, आणि ती तशी आहे हे कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. “१०७ टक्के कार्यक्षम” वाचून लोक हसतात किंवा भाळतात. चमत्कार वगैरे काही नाही, भाजक लहान घेतला की टक्केवारी शंभराच्या वर जातेच.

माझ्या मावसभावासाठी मी हाच घोळ केला. एलपीजी बॉयलरचे ९८ टक्के घेतले माहितीपत्रकातून, म्हणजे निव्वळावरचे. तेलाच्या बॉयलरचे ९० घेतले दुसऱ्या एका तक्त्यातून, आणि ते होते ढोबळावरचे. कागदावर एलपीजीला आठ टक्क्यांची आघाडी मिळाली आणि त्याच जोरावर पारडं झुकलं. ९८ ला १.०९ ने भागलं असतं तर नव्वदच उरले असते, म्हणजे बरोबरी. त्याने टाकी पुरली, बॉयलर बसवला. जानेवारीत बिलाचा फोटो आला, खाली एक शब्द नाही.

तेव्हापासून माझा नियम: दोन्ही बॉयलरची टक्केवारी एकाच पायावर आहे याची खात्री होईपर्यंत कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, “ही ढोबळावर की निव्वळावर?” त्याने “साहेब, ब्रँडचा माल आहे” असं काही ऐकवलं तर दुसरा विक्रेता शोधा.

आणखी एक मेख आहे. आजचे बॉयलर वाफेतली ती उष्णता परत मिळवण्यासाठीच बनवलेले असतात. पण वाफेचं पाणी व्हायला धूर थंड व्हावा लागतो आणि त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी पुरेसं कोमट असावं लागतं. नैसर्गिक वायूच्या धुराचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली वाफेचं पाणी होऊ लागतं तो, ५५ अंशांच्या आसपास, तेलाच्या धुराचा ४७ च्या. म्हणजे परतीचं पाणी साठ अंशांवर येत असेल तर बॉयलर कितीही महागाचा असो, ती वाफ जशीच्या तशी बाहेर जाते. जुन्या लहान रेडिएटरच्या घरात असंच होतं. अशा घरासाठी माहितीपत्रकातला वरचा आकडा धरू नका. निव्वळावर ९६-९७ धरा आणि मग ढोबळात आणा.

तापमापक नसला तरी हे तपासता येतं. बॉयलर अर्धा तास चालू द्या आणि परतीच्या उघड्या पाइपला हात लावून बघा. जपून, आधी नुसता टेकवून. मुठीत धरून दहापर्यंत मोजता आलं तर पाणी पंचेचाळीसच्या आसपास आहे, छान. चटका बसून हात मागे आला तर वाफ वाया चालली आहे.

शेवटी इंधनाबाहेरचे पैसेही हिशेबात धरा. गॅसच्या जोडणीचा वर्षभराचा ठरावीक आकार असतो, तो उन्हाळ्यातही भरावा लागतो. एलपीजीची टाकी बहुतेक वेळा पुरवठादाराच्याच मालकीची असते. टाकी त्याची म्हणजे गॅसही त्याच्याकडूनच घ्यायचा आणि भावही तोच सांगणार. करार किती वर्षांचा आणि मोडला तर टाकी काढायचा खर्च कोणाचा, हे सही करण्यापूर्वी वाचा. तेलात हा जाच नाही. टाकी तुमची, ज्याचा भाव बरा त्याचा टँकर बोलवा, उन्हाळ्यात भरून ठेवा. तेलाच्या बाजूने बोलताना ‘ऊब वेगळी’ असलं काही सांगण्यापेक्षा हे मोकळेपण सांगा. मात्र धूर मोजायचा तर तेल मागे पडतं. जळणाऱ्या दर युनिटमागे तेल सुमारे पाव किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं, नैसर्गिक वायू दोनशे ग्रॅमच्या आत.

४. बॉयलर केवढा हवा

खोल्या मोजून किंवा चौरस फुटांवरून बॉयलर ठरवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. गेल्या वर्षी किती इंधन जळलं ते बघा. समजा २,४०० लिटर रॉकेल जळलं. गुणिले १०.३, म्हणजे साधारण २४,७०० युनिट. जुना बॉयलर ८० टक्क्यांचा धरला तर घरात आली सुमारे १९,८०० युनिट. आंघोळ-धुण्याच्या गरम पाण्याची तीनेक हजार वजा करा, उरली १६,८००. याला २,००० तासांनी भागा, उत्तर साडेआठ किलोवॉटच्या आत. बेताच्या थंडीसाठी हा २,००० चा भाजक चालतो. फारच थंड प्रदेशात तो वाढवावा लागतो.

माझ्या पहिल्या घरात असंच साडेआठाचं गणित होतं आणि बसवला गेला तीस किलोवॉटचा, “असू द्या, कमी पडायला नको” म्हणून. एका रात्री तळघराच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसले. चार मिनिटं जळायचा, बंद पडायचा, सहा मिनिटांनी धडाडून पुन्हा पेटायचा. दर पेटण्याला थोडी काजळी, थोडं तेल वाया.

गॅसची खरी आघाडी इथे आहे. २४ किलोवॉटचा चांगला गॅस बॉयलर ज्योत बारीक करून तीन-चार किलोवॉटवर येतो. तेलाचा बर्नर बहुधा एकाच ताकदीने जळतो, आणि घरगुती तेलाचे बॉयलर १२-१५ किलोवॉटखाली फारसे मिळत नाहीत, कारण नोझलचं, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोटीचं, भोक त्याहून बारीक केलं तर ते चोंदतं. म्हणून लहान, नीट बंदिस्त घराला गॅस. मोठं, जुनं, गारठलेलं घर असेल तर तेल छान चालतं.

पाणी साठवायच्या टाकीशिवाय थेट गरम पाणी हवं असेल तर मात्र मोठा आकडा लागतोच. पाणी ३५ अंशांनी तापवायला २४ किलोवॉटमधून मिनिटाला दहा लिटरच्या आसपास मिळतं. दोन नळ एकदम सोडले की दोन्हींची धार निम्मी.

५. बसवणं आणि पुढची देखभाल

परवानाधारक माणसाकडूनच बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, इंधन कोणतंही असो.

वाफेचं पाणी आम्लधर्मी असतं आणि ते बारीक पाइपने बाहेर सोडतात. तो पाइप भिंतीबाहेर लांबवर नेऊ देऊ नका. ऐन गारठ्यात तो गोठतो आणि नेमका त्याच रात्री बॉयलर बंद पडतो.

तेलाला दरवर्षी नोझल, फिल्टर आणि काजळीची सफाई लागते. स्टोव्हला पिन मारण्याचाच प्रकार, फक्त माणूस बोलवावा लागतो. एक वर्ष टाळलं तरी तेल जास्त जळून भरपाई होते. आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका. तळाशी पाणी आणि गाळ असतो, तो नळीत शिरतो, मागोमाग हवा. मग पान्याने पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढत बसायचं. मी एकदा रात्री बारा वाजता हे केलं आहे. हाताचा रॉकेलचा वास दोन दिवस गेला नव्हता. पाव टाकी उरली की टँकर सांगा.

बसवणारा जाताना रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बहुतेक वेळा ७५-८० वर ठेवून जातो, म्हणजे तक्रारीचा फोन येत नाही. तो गेला की पहिल्याच आठवड्यात ते रोज पाच-पाच अंशांनी खाली आणा. घर तापायला कमी पडतंय असं वाटलं की एक पायरी वर चढवून तिथेच ठेवा, आणि तळघरात जाऊन परतीच्या पाइपला पुन्हा एकदा हात लावून या.